माईक बंद ठेवलेली संध्याकाळ

चार नंबरच्या गाडीत तुम्ही दांडीला धरून उभे आहात. मॅनहॅटनखालचा बोगदा संपता संपत नाही. डब्यात घामाचा आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास आहे. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी निळ्या उभ्या रेघांचा पांढरा सदरा घातलाय आणि मांडीवर दुमडलेलं वर्तमानपत्र ठेवलंय. पहिल्या पानावर पांढऱ्या केसांच्या, रुंद जबड्याच्या एका माणसाचा फोटो आहे. आजोबा तो पाहत नाहीत, नुसता हात ठेवून बसलेत.

शुक्रवार, १६ जुलै २०१०. गाडी हार्लेम नदीखालून जाते, एकाएकी उजेडात येते आणि लोखंडी खांबांवरच्या रुळांवर चढते. १६१वा रस्ता, ब्राँक्स. इथं उतरायचं.

फलाटावरून खाली पाहा. रस्त्याच्या पलीकडे नवं यँकी स्टेडियम आहे. गेल्याच वर्षी उघडलं, खर्च दीड अब्ज डॉलर. अलीकडे, जिथं ८५ वर्षं जुनं स्टेडियम उभं होतं, तिथं आता मोकळी जमीन आहे, भोवती कुंपण. पाडकाम नुकतंच संपलंय.

मंगळवारी सकाळी फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात जॉर्ज स्टाइनब्रेनर हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. वय ८०. न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचे ते ३७ वर्षं मालक होते. सगळं शहर त्यांना ‘बॉस’ म्हणायचं, कुणी प्रेमानं, कुणी दातओठ खात. त्यांच्या दोनच दिवस आधी बॉब शेपर्ड गेले, वय ९९. ते या मैदानाचे निवेदक. १९५१ पासून अर्ध्या शतकाहून जास्त काळ इथं फलंदाजीला येणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यांनी संथ, स्वच्छ, देवळातल्या घंटेसारख्या आवाजात पुकारलं. आधी नंबर, मग नाव, मग पुन्हा नंबर. एका आठवड्यात मैदानाचा मालक गेला आणि मैदानाचा आवाजही. शेपर्ड यांच्या आठवणीखातर आजच्या सामन्यात निवेदकच नसणार आहे.

सामन्याला अजून वेळ आहे. चला, परत फलाटावर. उलट्या दिशेची गाडी पकडू. ती बोगद्यात शिरेल आणि दर वेळी बाहेर येईल तेव्हा साल वेगळं असेल. कुंपणामागच्या त्या जमिनीवर काय काय घडलं ते पाहिल्याशिवाय आत जाऊ नका, कारण आत आज सगळे चांगलंच बोलणार आहेत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं आपल्याकडेही म्हणतात. या माणसाच्या बाबतीत मला ते पटत नाही. त्याच्यातून त्याचा धाक वजा केला, तर उरतो तो कुणीतरी दुसराच.

एप्रिल १९७३. डबा आतून-बाहेरून रंगाच्या फवाऱ्यांनी भरलाय, खिडकीतूनही धड दिसत नाही. उतरलात की समोर जुनं स्टेडियम, थोराड आणि थकलेलं. बेब रूथ, जो डिमॅजिओ, मिकी मॅन्टल यांच्या या संघाला १९६२ नंतर एकही विजेतेपद मिळालेलं नाही. सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीनं तो काही वर्षं सांभाळला आणि यंदा जानेवारीत विकून टाकला. घेणारा क्लीव्हलंडचा एक जहाजवाला, वय ४२. भागीदार जमवून त्यानं जवळपास एक कोटी डॉलर उभे केले, त्यात स्वतःच्या खिशातले १ लाख ६८ हजार. पत्रकारांना त्यानं सांगितलं की रोजच्या कारभारात मी लक्ष घालणार नाही, मी आपला जहाजं बांधत राहीन. त्या दिवशी या बोलण्यावर कुणी हसलं नाही.

आत या. मोसमातला घरच्या मैदानावरचा पहिला सामना आहे. राष्ट्रगीत चालू आहे, खेळाडूंनी टोप्या काढल्यात आणि मानेवर रुळणारे केस उन्हात चमकताहेत. सत्तरचं दशक आहे, सगळ्या जगानंच केस वाढवलेत. नवे मालक खेळाडूंकडे पाहताहेत. त्यांना अजून नावं ठाऊक नाहीत, म्हणून ते पाठीवरचे नंबर टिपून घेताहेत. ती चिठ्ठी नंतर मॅनेजर राल्फ हाउककडे जाईल : अमक्या अमक्या नंबरांनी केस कापावेत. (बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे आपल्याकडचा कप्तान आणि प्रशिक्षक मिळून एक. संघात कोण खेळणार, कुणाला कधी बाहेर काढायचं, सगळं त्याच्या हातात. निदान असायला हवं.) हाउक ते नंबर खेळाडूंना वाचून दाखवतो, पण मनापासून नाही.

त्यातून पुढे नियमच झाला : दाढी नाही, केस कॉलरच्या खाली नाहीत, मिशी चालेल. मालक गेल्यावरही तो नियम राहिला. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांचा मुलगा हॅल यानं नीट राखलेल्या दाढीला परवानगी दिली, तोवर ५२ वर्षं उलटून गेली होती.

ही शिस्त त्यांनी स्वतः सोसलेली होती. वडील हेन्री एमआयटीत शिकलेले, अडथळ्यांच्या शर्यतीतले विजेते, ग्रेट लेक्सवर मालवाहू जहाजं चालवणारे. खाऊसाठी पैसे देण्याऐवजी त्यांनी मुलाला कोंबड्या दिल्या, अंडी विक आणि कमव म्हणून. मग मुलाला लष्करी शाळेत घातलं. मुलगा कॉलेजात अडथळ्यांच्याच शर्यती धावला. बापाच्या मापाला पुरं पडण्याची ही धडपड तुम्हाला मराठी घरांतही भेटली असेल. ती कशानंच संपत नाही, बाप गेल्यावरही नाही.

परत निघण्याआधी स्टेडियमच्या भिंतीपाशी जरा थांबा. त्याच वर्षी इथं रे नेग्रॉन नावाचा एक पोरगा भिंतीवर रंगाचा फवारा मारताना पकडला जातो, आणि पकडणारे खुद्द मालक असतात. पोलिसांकडे देतील असं त्याला वाटतं. ते त्याला आत नेतात, गणवेश देतात आणि खेळाडूंच्या बॅटी उचलायच्या कामाला लावतात : भिंतीचं नुकसान काम करून फेड. पोराची पुढची कित्येक वर्षं याच संघाच्या कामात जातात. हे पाहिलंत ते लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. टॅम्पात कर्तव्यावर मारल्या गेलेल्या पोलिसांच्या मुलांच्या शिक्षणासाठीही त्यांनी संस्था काढली. अशा कामाचा गवगवा झालेला त्यांना खपत नसे. ओरडायचे ते मात्र सगळ्या शहराला ऐकू जायचं.

मधल्या काळात गाडी थांबत नाही. स्टेडियमची दुरुस्ती चालू आहे, संघ क्वीन्समध्ये दुसऱ्याच्या मैदानावर बिऱ्हाडाला गेलाय. निक्सन यांच्या निवडणुकीला बेकायदा देणग्या दिल्याच्या खटल्यात स्टाइनब्रेनर १९७४ साली गुन्हा कबूल करतात, १५ हजार डॉलर दंड भरतात, आणि बेसबॉलचे आयुक्त बोवी कून त्यांना दोन वर्षं दूर ठेवतात. पंधरा महिन्यांनी ते परततात तेव्हा खेळ बदललेला असतो. आजवर एका संघाला जखडलेले खेळाडू करार संपल्यावर मोकळे होऊ लागलेत. बाकीचे मालक धास्तावतात. स्टाइनब्रेनर थैली सोडतात.

१८ ऑक्टोबर १९७७. या वेळी गाडीतून उतरताना जपून. हे वर्ष न्यूयॉर्कला फार वाईट गेलंय. शहर दिवाळखोरीच्या कडेवरून जेमतेम परतलंय. उन्हाळाभर एक खुनी मोकाट होता. १३ जुलैच्या रात्री सगळ्या शहराची वीज गेली, दुकानं लुटली गेली, आगी लागल्या. तेहतीस वर्षांनी बरोबर याच तारखेला स्टाइनब्रेनर जाणार आहेत. ते तुम्हाला ठाऊक आहे, या गर्दीत आणखी कुणालाच नाही. सहा दिवसांपूर्वी अंतिम मालिकेचा सामना चालू असताना जवळची एक शाळा जळत होती आणि दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यानं उंचावरून ती देशभर दाखवली.

अशा शहरात आज ५६ हजार माणसं या एका हिरव्या तुकड्याकडे पाहत बसलीत. लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध सहावा सामना. आज जिंकलं की विजेतेपद, पंधरा वर्षांनंतरचं पहिलं.

रेगी जॅक्सनवर नजर ठेवा. नंबर ४४. गेल्या नोव्हेंबरात स्टाइनब्रेनर यांनी त्याला पाच वर्षांसाठी जवळपास तीस लाख डॉलर देऊन आणलं. मॅनेजर बिली मार्टिनला तो नको होता. बिली मालकाच्या खास मर्जीतला आणि तितकाच नावडता, हडकुळा, भांडखोर, या संघावर जीव टाकणारा. जूनमध्ये बॉस्टनला एक चेंडू अडवताना रेगी ढिला पडला असं बिलीला वाटलं, आणि भर सामन्यात, देशभर प्रक्षेपण चालू असताना, त्यानं रेगीला बाहेर बोलावलं. डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेत, दोघं एकमेकांच्या अंगावर गेले. मध्ये पडून आवरणाऱ्यांत एक बुटका, रुंद खांद्यांचा प्रशिक्षक होता, योगी बेरा. त्याचं नाव विसरू नका.

पहिल्या खेपेला रेगीला खेळण्याजोगा एकही चेंडू मिळत नाही. चौथ्या डावात शेपर्ड यांचा आवाज येतो. नंबर, नाव, नंबर. पहिलाच चेंडू, आणि तो उजवीकडच्या प्रेक्षकांत. बेसबॉलचा होम रन म्हणजे षटकार म्हटलं तर चालेल, पण षटकार एका डावात पाच-सहाही बसतात, इथं सगळ्या सामन्यात एखाद-दुसरा. पाचव्या डावात नवा पिचर, म्हणजे गोलंदाज. आवाज. पहिलाच चेंडू, पुन्हा प्रेक्षकांत. आता सगळे उभे आहेत, तुम्हीही. आठव्या डावात रेगीसमोर तिसरा पिचर आहे, चार्ली हफ, बोटांच्या टोकांनी चेंडू डोलवत टाकणारा. शेपर्ड नाव पुकारतात तेव्हा ते ऐकू येत नाही, एवढा गलका आहे. पहिला चेंडू. बॅट फिरते आणि चेंडू मध्यावरच्या काळ्या रिकाम्या बाकांवर जाऊन पडतो, जिथं सहसा काहीच पोचत नाही.

तीन चेंडू, तीन पिचर, तीन होम रन. शेजारचा अनोळखी माणूस तुम्हाला मिठी मारतो. तो रडतोय. त्याची गल्ली कदाचित जुलैत जळलेली असेल. तुम्ही विचारत नाही.

यँकीज ८–४ नं जिंकतात. शेवटचा झेल घेतला जातो न जातो तोच लोक कठड्यांवरून मैदानात उतरतात आणि रेगी फुटबॉलच्या खेळाडूसारखा खांद्यानं वाट काढत आत पळतो. स्टाइनब्रेनर, रेगी, बिली, तिघांनाही एकमेकांशिवाय हे मिळालं नसतं आणि तिघांनाही एकमेकांबरोबर दिवस काढवत नव्हता. धाकानं माणसं खेळतात का, हा प्रश्न मला नेहमी पडतो. त्या रात्रीकडे पाहिलं की वाटतं, खेळतात. थोडा काळ.

किती थोडा, ते पुढच्याच उन्हाळ्यात पाहा. जुलै १९७८. बिली रेगी आणि मालकाबद्दल पत्रकारांपाशी बोलून बसतो की या दोघांतला एक जन्मजात खोटारडा आहे आणि दुसरा शिक्षा झालेला. दुसऱ्या दिवशी कॅन्सस सिटीच्या हॉटेलात काळ्या चष्म्याआड रडत तो राजीनामा वाचून दाखवतो. पाच दिवसांनी, २९ जुलैला, इथं जुन्या खेळाडूंचा मेळावा आहे. तुम्ही उन्हात बसलात. एकेक म्हातारा हात हलवत बाहेर येतोय. मग शेपर्ड यांचा आवाज, नेहमीसारखाच शांत, सांगतो की १९८० साली संघाचे मॅनेजर पुन्हा बिली मार्टिन असतील. आणि डगआउटमधून नंबर १ बाहेर धावत येतो. मैदान वेडं होतं.

आपल्याकडे दुर्वास ऋषी आहेत. शाप तोंडातून निघून गेल्यावर मग उःशाप शोधत बसायचं. स्टाइनब्रेनर हे बेसबॉलचे दुर्वास. बिलीला त्यांनी पाच वेळा मॅनेजर केलं आणि पाचही वेळा तो गेला. पहिल्या २३ मोसमांत त्यांनी २० वेळा मॅनेजर बदलले. १९८१ ला अंतिम मालिका हरल्यावर त्यांनी न्यूयॉर्कची जाहीर माफी मागितली, आपल्याच खेळाडूंच्या वतीनं, खेळाडूंना न विचारता. हरणं त्यांना अपमानासारखं लागायचं. १९८९ च्या नाताळात बिली अपघातात गेला तेव्हाही, सहाव्यांदा त्यालाच बोलावतील असं लोकांत बोललं जात होतं.

पुढची गोष्ट ब्राँक्समध्ये घडत नाही, म्हणून गाडी तिथं जात नाही. मी सांगतो. १९८५ साली मॅनेजर होते योगी बेरा. खेळाडू म्हणून त्यांनी या संघासाठी दहा विजेतेपदं जिंकली होती, दुसऱ्या कुणीच तेवढी जिंकलेली नाहीत. मोसमभर तुम्हीच राहाल असा शब्द स्टाइनब्रेनर यांनी त्यांना दिला होता. सोळा सामन्यांनंतर, संघ शिकागोत असताना, त्यांना काढलं. आणि स्वतः सांगितलं नाही, दुसऱ्याच्या तोंडी निरोप पाठवला. नोकरी जाण्याचं योगींना फार वाटलं नाही. मॅनेजरची नोकरी जातेच. निरोप्याचं वाटलं. हा माणूस मालक आहे तोवर स्टेडियमची पायरी चढणार नाही, असं त्यांनी ठरवलं आणि १४ वर्षं पाळलं. त्यांच्या गौरवाचा फलक त्या मैदानात होता आणि ते नव्हते.

३० जुलै १९९०. रात्रीचा सामना. बाकं बरीच रिकामी आहेत, संघ तळाला आहे आणि मोसम संपेल तेव्हाही तळालाच असेल. डेव्ह विनफिल्ड हा उंचापुरा, गुणी खेळाडू स्टाइनब्रेनर यांनी दहा वर्षांच्या प्रचंड करारावर आणला होता. पुढे पैशांवरून आणि खेळावरून बिनसलं. त्याच्याविरुद्ध काही कानावर यावं म्हणून त्यांनी एका जुगारी माणसाला ४० हजार डॉलर दिले. ते बाहेर आलं. यात मला कसलीही सबब दिसत नाही. स्वतःच्या खेळाडूच्या मागे असा माणूस लावणं हा रागाच्या भरातला शब्द नव्हे, त्याला ठरवून बसावं लागतं.

बातमी ध्वनिक्षेपकावरून येत नाही. लोकांनी सामन्याला आणलेल्या खिशातल्या रेडिओंवरून येते. तुमच्या मागच्या रांगेत कुणीतरी रेडिओ कानाला लावतो, शेजाऱ्याला सांगतो, तो पुढच्याला. आयुक्त फे व्हिन्सेंट यांनी स्टाइनब्रेनरना संघाच्या कारभारातून कायमचं दूर केलंय. बातमी बाकांवरून सरकत जाते, पाहता पाहता लोक उठून उभे राहतात आणि टाळ्या वाजवू लागतात. मैदानात काहीच घडलेलं नाही. खेळाडू वर पाहताहेत. टाळ्या थांबत नाहीत.

तुम्ही उभे राहिलात का? मी तिथं असतो तर उभा राहिलो असतो. पण या टाळ्या नीट ऐकून ठेवा. वीस वर्षांनी तुम्हाला रस्त्याच्या पलीकडे जायचंय.

आयुक्तांनी आधी दोन वर्षांच्या निलंबनाचं म्हटलं होतं. स्टाइनब्रेनर यांना ‘निलंबन’ हा शब्द नको होता, त्यामुळे अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीतलं पद जाईल अशी भीती होती. शब्द टाळण्यासाठी त्यांनी जास्त कडक शिक्षा पत्करली. उतावीळपणाचा त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा फटका, आणि संघाला मिळालेलं सगळ्यात मोठं दान. कारण मालक दूर असताना जीन मायकल यांच्या हाती कारभार आला आणि त्यांनी जे केलं ते या इमारतीत कुणी करू शकलं नव्हतं : वाट पाहिली. बर्नी विल्यम्स नावाच्या बुजऱ्या मुलाला विकून टाकलं नाही. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत बाविसाव्या आणि चोविसाव्या फेरीत घेतलेल्या अँडी पेटिट आणि होर्हे पोसादा यांना पिकू दिलं. पनामाच्या एका मासेमाऱ्याच्या मुलाला, मारियानो रिव्हेराला, सांभाळलं. १९९२ साली डेरेक जीटर निवडला गेला. बंदी उठून १ मार्च १९९३ ला स्टाइनब्रेनर परतले तेव्हा आंबे जवळजवळ पाडाला लागले होते.

ते बदलले का? १९९६ च्या सुरुवातीला जीटर फार कोवळा आहे म्हणून एक बदली खेळाडू हवा होता आणि त्याच्या बदल्यात रिव्हेराला सिॲटलला देण्याचं त्यांच्या मनात आलं होतं. सहकाऱ्यांनी परोपरीनं समजावलं. महत्त्वाचं हे, की या खेपेला त्यांनी ऐकलं. जो टोरी मॅनेजर झाले आणि बारा वर्षं टिकले. १९९६, १९९८, १९९९, २००० अशी विजेतेपदं आली. आकडे मोजायचे तर स्टाइनब्रेनर यांच्या काळात एकूण सात. मला त्यातल्या कुठल्याही चषकापेक्षा जानेवारी १९९९ मधला एक प्रवास मोठा वाटतो.

तो न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरचा. तिथं योगींच्या नावाचं संग्रहालय नुकतंच उघडलंय. ६८ वर्षांचे मालक तिथं स्वतः जातात. निरोप्या पाठवत नाहीत. आणि ७३ वर्षांच्या योगींना समोरासमोर सांगतात की तुम्हाला काढलं तेव्हा मी स्वतः सांगायला हवं होतं, ही माझी सगळ्यात मोठी चूक. चौदा वर्षांचा हट्ट एका वाक्यात सुटतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीनं माफी मागितलेला माणूस पहिल्यांदा स्वतःची मागत होता.

मग १८ जुलै १९९९ ला गाडी थांबायलाच हवी. कडक ऊन, योगी बेरा दिवस. १९५६ च्या अंतिम मालिकेत डॉन लार्सननं एकाही फलंदाजाला पहिल्या बेसपर्यंत पोचू न देता सामना जिंकला होता, तेव्हा चेंडू झेलणारे योगी होते. आज लार्सन पुन्हा पहिला चेंडू टाकतात. योगींकडे मिट, म्हणजे झेलायचा हातमोजा, नाही, ते आजचा कॅचर जो जिरार्डी याचा मागून घेतात, झेलतात, परत देतात. ते मिट घालून जिरार्डी खाली बसतो आणि डेव्हिड कोन गोलंदाजी सुरू करतो. सत्तावीस फलंदाज येतात, शेपर्ड सत्तावीस नावं पुकारतात, सत्तावीसही परत जातात. तेच, जे लार्सननं केलं होतं. योगी वरून पाहताहेत. तुमच्या अंगावर काटा आला असेल, माझ्या लिहितानाही येतोय. ती पायरी चौदा वर्षं न चढलेला म्हातारा नेमका या दिवशी इथं आहे, कारण कुणीतरी एक गाडी काढून न्यू जर्सीला गेलं होतं.

आता एकच थांबा. १५ जुलै २००८. जुन्या स्टेडियमचं शेवटचं वर्ष, देशभरच्या निवडक खेळाडूंचा सामना. शेपर्ड आजारी आहेत, गेल्या सप्टेंबरपासून आलेले नाहीत. मैदानाच्या कडेनं एक छोटी गोल्फची गाडी संथपणे येते. आत बसलेला माणूस तुम्हाला ओळखू येत नाही. गडद चष्मा, खचलेले खांदे. ज्याचा आवाज फोनच्या तारा जाळायचा तो बोलत नाही, रडतोय. मध्यावर चार म्हातारे उभे आहेत, त्यांना पहिले चेंडू द्यायचेत : व्हायटी फोर्ड, गूस गॉसेज, रेगी जॅक्सन, योगी बेरा. यातले काही जण कधी ना कधी त्यांच्या जिभेचा मार खाल्लेले. एकेक जण वाकतो आणि त्यांना मिठी मारतो.

टाळ्या ऐका. १९९० च्या रात्रीचेच काही हात त्यात आहेत.

गाडी बोगद्यातून बाहेर येते. १६ जुलै २०१०, पुन्हा. जुन्या जमिनीभोवतीचं कुंपण ओलांडून, रस्ता पार करून आत जा. पांढऱ्या दगडाचं, उंच, गार स्टेडियम आहे. हे बांधायला त्यांनी वर्षानुवर्षं शहराशी झुंज घेतली, आणि उघडलं त्याच वर्षी, २००९ ला, संघानं त्यांच्या काळातलं सातवं विजेतेपद जिंकलं.

दिवे मंद आहेत. रिव्हेरा डगआउटमधून बाहेर येतो. तोच, ज्याला कोवळ्या वयात जवळजवळ देऊन टाकलं होतं. आता तो चाळिशीत आहे. तो होम प्लेटपाशी वाकतो आणि तिच्यावर दोन लांब देठांची लाल गुलाबाची फुलं ठेवतो. कर्णधार जीटर माईकवर येऊन दोघांविषयी थोडकं बोलतो. मग तो माईकही बंद होतो.

सामना सुरू होतो आणि तुमच्या लक्षात येतं की कान काहीतरी शोधताहेत. जीटर फलंदाजीला निघतो. घाईत नाही, नेहमीसारखाच. नाव पुकारलं जात नाही. चेंडू मिटात आपटल्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत येतो. पंचाचा शब्द येतो. कुठूनतरी एक मूल काहीतरी विचारतं तेही येतं. बिली, रेगी, योगी, परत येणं, सगळं ज्या आवाजानं सांगितलं तो नाही, आणि ज्याच्यासाठी सांगितलं तो वरच्या काचेच्या खोलीत नाही. शेजारचे आजोबा, तेच गाडीतले, ओठ हलवताहेत. नंबर दोन. डेरेक जीटर. नंबर दोन.

यँकीज मागे पडतात. आठव्या डावात निक स्विशरच्या होम रननं बरोबरी होते. नवव्यात तोच पुन्हा येतो, चेंडू मोकळ्या जागेत मारतो आणि धावणारा घरी पोचतो. ५–४. खेळाडू त्याच्या अंगावर उड्या मारताहेत. वरच्या खोलीतून आज कुणाला फोन येणार नाही, की हा सामना आठव्या डावापर्यंत जाऊच कसा दिला.

गर्दीबरोबर जिना चढून तुम्ही फलाटावर येता. रात्रीचे साडेदहा-अकरा वाजलेत. खाली रस्त्याच्या अलीकडे मोकळ्या जमिनीवर अंधार आहे. आजोबा कठड्याला टेकून तिकडे पाहताहेत. वर्तमानपत्र आता त्यांच्या खिशात आहे, फोटो आत दुमडलेला. गाडी येते. तुम्ही त्यांना आधी चढू देता.

बोगदा सुरू होतो. तुम्ही काचेकडे पाहत राहता. बेचाळिसाव्या रस्त्याला दार उघडतं तेव्हा फलाटावर २०१०च असतं.